चाकाखालचा दगड

हसनाबाद,
२४ ऑगस्ट २००३

चि. कडूबा,

तुझ्या आक्काचा आशीर्वाद घे, आधी खाली बस अन मंग वाच. राखी पोचली का ते तू कळवलं न्हाईस, ते भांडण नंतर करू. फोनच केला असता, पण आपण बोलतो तवर बूथवाला तोंडाकडं बघत बसतो, अन हे सगळ्या गावाला ऐकवायचं नव्हतं. तसं आता गावाला कळायचं काही उरलंही न्हाई म्हणा.

मंगळवारी आपल्या पिकअपनं शाळेच्या भिंतीला धडक दिली. गाडी मीच चालवत होते. हौद्यात वस्तीवरच्या सगळ्या पोरी होत्या. देवाची कृपा, कुणाला मोठं लागलं न्हाई. शेजारच्या बेबीनंदाच्या सत्यशीलाच्या कपाळाला टेंगूळ आलं तेवढंच.

आमचा रस्ता तू बघितलेला आहे. वस्तीवरून निघालं की ओढ्यावरचा बुटका फरशी-पूल, अन ह्या दिवसांत फरशीवरून पाणी. पुढं चढ, चढ संपला की थेट शाळेच्या फाटकापर्यंत उतार. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत, ते पाण्यातून निघाले तरी धरतात. मागच्या चाकांच्या ड्रममधी पाणी अन गाळ शिरून बसतो. मंग एक ड्रम धरतो, दुसरा धरत न्हाई, अन गाडी एका अंगाला ओढते. एरवी मी उतार लागायच्या आधी पाय मारून मारून ब्रेक वाळवून घ्यायचे. त्या दिवशी चढावरच म्हैस आडवी आली, तिच्या नादात ते राहून गेलं.

आता पोरी घरी बसल्यात. आया म्हणतात, पाऊसकाळ सरू दे, मंग बघू. एसटी वस्तीवर येत न्हाई. तुझे दाजी अंकुशनगरच्या कारखान्यात, सुट्टीला येणार अन जाणार. म्हंजे मी गाडी काढली न्हाई तर शाळा न्हाई, इतकं सरळ आहे. सत्यशीलाची यंदा दहावी. मी सातवीतून घरी बसले ते असंच, पाऊसकाळ सरू दे म्हणून. माझा तो पाऊसकाळ अजून सरला न्हाई.

आत्याबाईंना तर आयतंच मिळालं. सासू म्हणून वाईट न्हाईत, पण मी गाडीत चढले की त्या तोंड फिरवून घरात जातात. परवा म्हणाल्या, झालं ना समाधान?

मोंढ्यात धान्य घेऊन गेले तवा एक ड्रायव्हर म्हणाला की मागं पण डिस्क बसवता येतात, मंग पाण्याची भीती न्हाई. गाडी चालवायला मला तूच शिकवलंस. आता एवढं काम करून दे. पोळा झाला की ये.

तुझी आक्का,
शिवकन्या

---

भोसरी, पुणे,
१ सप्टेंबर २००३

आक्का,

नमस्कार आडवा पडून करतो, तसाही दिवसभर गाडीखाली आडवाच असतो. राखी पोचली. गॅरेजच्या ऑइलनं काळी झाली तरी अजून हातात आहे, भांडण मिटव.

पत्र दोनदा वाचलं. पण तू म्हणतेस ते काम म्हंजे चप्पल बदलणं न्हाई. मी तुला समजावून सांगतो, चिडू नको.

गाडी थांबवायचं जास्त काम पुढचे ब्रेक करतात. मागचे फार कडक झाले तर रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होतात अन शेपूट फिरतं. म्हंजे आज एका अंगाला ओढते, उद्या गरकन फिरंल. ते होऊ नये म्हणून मागच्या लायनीत प्रेशर कमी करणारा वॉल, म्हंजे तोटीसारखा पुर्जा, टाकावा लागतो. ड्रमच्या लायनीतला जुना वॉल काढावा लागतो, न्हाईतर पॅड डिस्कला चिकटून राहतात अन चाक तापतं. अन सगळ्यात मोठं झंझट हँडब्रेकचं. तुझा हँडब्रेक त्या ड्रममध्येच आहे. ड्रम गेला की हँडब्रेक गेला. डिस्कला दोन्हीकडून चिमट्यासारखे धरतात ते कॅलिपर, त्यातले हँडब्रेकवाले वेगळे येतात, ते शोधावे लागतील.

माझं ऐक. जुन्या जालन्यात कुणाकडून तरी ड्रम उघडून साफ करून घे, लायनर बदल, ब्रेक सेट करून घे. बिलकुल फरक पडंल. अन एक सांगतो, राग मानू नको. पावसाचे दोन महिने गाडी नको काढू. दाजींना सुट्टी टाकून येता येतं का बघ. तू घाबरलेली आहेस हे पत्रावरून दिसतंय, अन घाबरलेल्या माणसानं गाडी चालवू नये.

कडूबा

---

हसनाबाद,
९ सप्टेंबर २००३

कडूबा,

घाबरलेली तुझी आक्का लिहून राह्यलेय.

तू सांगितलं तसं सगळं केलं. जालन्याला गाडी नेली, ड्रम उघडले. आत एवढा गाळ निघाला की त्यात मेथी पेरता आली असती. साफ केलं, नवे लायनर टाकले, खर्चा झाला. येताना गाडी अशी थांबायची की मी खूश. मंग फरशी आली. पाण्यातून बाहेर पडले अन मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम ब्रेक मारला. पुन्हा तेच, गाडी डाव्या अंगाला. पाणी काय लायनर नवे की जुने ते विचारून शिरतं का?

घाबरले असते तर एकटी पाण्यात गाडी घालून ब्रेक तपासत बसले असते का रे? मला गाडीची भीती न्हाई. मला भीती आहे ती दुसरीच. सत्यशीला रोज सकाळी वेणी घालून, दप्तर घेऊन गाडीपाशी येऊन उभी राहते. मी मान हलवली की परत जाते. गेल्या आठवड्यात दप्तर न आणता आली. ह्या आठवड्यात एक दिवस आलीच न्हाई, आईबरोबर निंदायला गेल्ती. अशाच सुटतात पोरी. कुणी शाळा सोड म्हणत न्हाई, नुसती सवय मोडते.

दिवाळीच्या आधी तिची सहामाही आहे. त्या परीक्षेला ती बसली तर बसली, न्हाईतर शाळा सुटलीच.

पाकिटात सुताचा दोरा आहे, फेकू नको. टेप मिळाला न्हाई म्हणून दोऱ्यानं मापं घेतलीत. पहिल्या गाठीपर्यंत ड्रमची रुंदी. दुसऱ्या गाठीपर्यंत ड्रम काढल्यावर आतल्या तबकडीचा घेर, जालन्याच्या मिस्त्रीनं काढून ठेवला होता तवाच घेतला. शेवटच्या गाठीपर्यंत बोल्टाच्या एका भोकापासून समोरच्या भोकापर्यंत. दोरा ताणून घेतलाय, तू पण ताणूनच मोज.

येतोस का न्हाई तेवढं लिही. बाकीचं ज्ञान नंतर दे.

आक्का

---

भोसरी,
१७ सप्टेंबर २००३

आक्का,

हरलो. दोरा गॅरेजमध्ये टेबलावर ताणून ठेवला तर सगळे गोळा झाले. आमचे उस्ताद म्हणाले, अशी बहीण असल्यावर तू इथं काय करतोस, तिला पाठव.

मापं बराबर निघाली. भंगार बाजारात एका जीपचे डिस्क मिळाले, घासून सपाट करून घेतलेत. हँडब्रेकच्या दांडीच्या कॅलिपरनी मात्र फार हिंडवलं, तेव्हा मिळाले. कॅलिपर अॅक्सलला धरायची जाड प्लेट लेथवाल्याकडून कापून घेतली. प्रेशरचा वॉल घेतला, त्याला फिरवायची चावी आहे. रिकाम्या अन भरल्या गाडीवर तपासून तो तिथं आल्यावर सेट करू.

घट बसले की रजा मिळते. गाडी शेडमध्ये सपाट जागेवर लावून ठेव, मागची चाकं सैल करून ठेवू नको, ते मी बघतो. तुझ्या सासूबाईंना सांग, पाव्हणा येतोय, शेंगदाण्याची चटणी करून ठेवा.

एक गोष्ट ध्यानात घे. ड्रम झाकलेला असतो, म्हणून आत गेलेलं पाणी आतच राहतं. डिस्क उघडी असते. पाणी लागलं तरी चाक फिरलं की उडून जातं. तुझं दुखणं त्यानं जातंय असं मला आता वाटून राह्यलंय. आधी न्हाई वाटलं, कारण मी गाडी बघत होतो, तुझी फरशी बघत नव्हतो.

कडूबा

---

हसनाबाद,
६ ऑक्टोबर २००३, सोमवार

कडूबा,

आज लिहायला हात होत न्हाई, पण लिहिते.

तू गुरुवारी गेलास तवा सगळं चांगलं होतं. तुझ्यादेखत मी फरशीतून गाडी काढली अन उतारावर एका पायात थांबवली. हँडब्रेक ओढून तू मला खाली उतरवलंस, मी सवयीनं चाकाखाली लावलेला दगड पायानं ढकलून दिलास अन म्हणालास, आक्का, हा दगड आता फेकून दे. मी वेड्यासारखी हसले. आयांनी लांबून बघितलं. बेबीनंदा स्वतः आली अन म्हणाली, दसरा झाला की सोमवारपासून पाठवते.

शनिवारी खंडेनवमी म्हणून गाडी धुतली. दसऱ्याला पूजा झाली, झेंडूचा हार घातला. दोन दिवस गाडी शेडमध्येच होती. आज सकाळी बाहेर काढली, आपल्या घराच्या फाटकापाशी उतार आहे तिथं उभी केली, हँडब्रेक ओढला. दगड लावला न्हाई. तूच म्हणाला होतास ना. पोरी चढाव्यात म्हणून मी मागं जाऊन फळका खाली केला. सत्यशीलानं एक पाय वर ठेवायला उचलला, अन गाडी आपोआप चालायला लागली. कुणी आत न्हाई, मी खाली. सगळ्यांसमोर ती हळूहळू उतरत गेली अन कडब्याच्या गंजीत घुसली. हार घातलेली गाडी, कडूबा. गंजी नसती तर पुढं विहीर आहे.

आयांनी आपापल्या पोरीचा हात धरला अन निघून गेल्या. ते मला ओरडण्यापेक्षा वाईट लागलं.

तुझी डिस्क चार दिवस पण टिकली न्हाई. माझा तुझ्यावर राग न्हाई, तू जिवापाड केलंस. पण आता ये अन जुने ड्रम परत बसव. ड्रम ओले तरी होते, वाळल्यावर धरत तरी होते. सहामाही पुढच्या गुरुवारी आहे. तिचं मी आता कुणाजवळ नावच काढत न्हाई.

आत्याबाई त्या वक्तापासून एक शब्द बोलल्या न्हाईत. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

आक्का

---

भोसरी,
९ ऑक्टोबर २००३

आक्का,

तुझं पत्र आलं तवापासून जेवणावर वासना न्हाई. आधी मला माझाच संशय आला. केबल सैल राहिली का, कॅलिपरची दांडी अडकली का. मंग पुन्हा पुन्हा पत्र वाचलं. उतारावर त्याच हँडब्रेकनं गाडी धरली होती, तू अन मी दोघंही खाली उभे होतो. चार दिवसांत केबल एवढी सैल होत न्हाई. चाललेली गाडी असती तर गोष्ट वेगळी, पण ती शेडमध्ये उभी होती. उभ्या गाडीला काय झालं?

ड्रम परत बसवायला मी येणार न्हाई. आधी तू माझं एक काम कर. गाडीमागं जाऊन चाकाच्या आतल्या बाजूनं हात घाल अन डिस्कवर बोट फिरव. बोट कोरडं निघालं तर चूक माझी, रजा मिळो न मिळो मी येतो. बोट ओलं निघालं तर वास घे. ब्रेक ऑइलचा वास तुला आता माहीत झालाय. तो असंल तर सील गेलं. दुसरा कसला वास असंल तर गाडी कुणी धुतली अन कशानं धुतली ते विचार.

अन लाल-तांबूस जंग दिसला तर घाबरू नको. उघडं लोखंड आहे, धुतलं की दुसऱ्या दिवशी जंगाचा हात फिरतोच. दोन ब्रेक मारले की पॅड तो घासून काढतात.

काही असो, नवे पॅड अन आत्याबाईंसाठी चिवडा एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. जुन्या पॅडनं तेल पिलं असंल तर ते कितीही पुसले तरी डिस्कवर घसरतच राहणार, टाकून दे. डिस्क पेट्रोलनं धुऊन कोऱ्या फडक्यानं पूस. तू माझ्या शेजारी बसून सगळं बघितलंस, पॅड तुला बदलता येतात.

धीर सोडू नको. गाडी उगीच असं करत न्हाई.

कडूबा

---

हसनाबाद,
१४ ऑक्टोबर २००३

कडूबा,

बोट ओलं निघालं. वास घेतला. करडीच्या तेलाचा.

मी तशीच बोट घेऊन सैपाकघरात गेले. आत्याबाई चुलीपाशी होत्या. मी काही बोलायच्या आधीच माझ्या बोटाकडं बघितलं अन म्हणाल्या, "माझ्यामुळं घडलं का गं ते?"

झालं असं. खंडेनवमीला विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ सगळं धुऊन, तेलाचा हात फिरवून त्यांनी पूजेला मांडलं. ते त्या लग्न होऊन आल्या तवापासून करतात. दसऱ्याला सकाळी गाडीला हळदीकुंकू वाहायला गेल्या तर तुझी नवी चकचकीत डिस्क तांबूस झालेली दिसली. नवं लोखंड, अन एका दिवसात गंजलं. सुनेच्या भावानं एवढी मेहनत केली अन आपल्या घरी येऊन ते खराब व्हावं, हे त्यांना बघवलं न्हाई. त्यांचे गुडघे तुला माहीत आहेत, मांडी घालून बसता येत न्हाई. ती बाई पोतं अंथरून गाडीखाली आडवी झाली, अन चाकामागून हात घालून दोन्ही डिस्क चिंधीनं तेल लावून पुसल्या. कुणाला सांगितलं न्हाई, सांगण्यासारखं काही केलं असं त्यांना वाटलंच न्हाई.

गाडी गंजीत घुसली तवा त्यांना शंका आली. तवापासून त्या जेवल्यासारखं करत होत्या अन ताट बाजूला सारत होत्या. मी मेली समजत होते की त्यांना मनातून बरं वाटलं असंल.

मी म्हणाले, "आत्याबाई, तुम्हाला तर ही गाडीच नको होती."

त्या म्हणाल्या, "नकोच होती. आजपण नको. पण तू काय उतरणार न्हाईस. मंग तू जिच्यात बसतीस तिचं लोखंड तरी चांगलं राहू दे म्हणलं."

कडूबा, इतकी वर्षं झाली मला ह्या घरात. मी चुलीपाशीच बसून रडले. त्यांनी तेलकट हातानं माझं डोकं थोपटलं, केसाला पण करडीचा वास लागला.

पार्सल काल आलं. पॅड मीच बदलले, डिस्क पेट्रोलनं दोनदा धुतल्या. आत्याबाई पाने देत होत्या, एकदा पण चुकीचा दिला न्हाई. शेडमध्ये हँडब्रेक ओढून आम्ही दोघींनी गाडी ढकलली, हलली न्हाई.

गाडी नीट झाली. आया कशा नीट व्हायच्या ते मला कळून न्हाई राह्यलं. सहामाही परवा आहे. आज बेबीनंदाकडं जाऊन सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, चहा दिला, अन म्हणाली, तुझ्यावर भरवसा आहे, गाडीवर न्हाई.

आत्याबाई म्हणतात, उद्या सगळ्यांना उतारावर बोलाव. काय करणार ते सांगत न्हाईत.

आक्का

---

हसनाबाद,
१२ नोव्हेंबर २००३

कडूबा,

मी द्वारकाबाई, शिवकन्याची सासू, बोलून राह्यले, लिहिणारी सत्यशीला हाय. तिला म्हणलं, मी बोलंल तसंच लिही, शाळेतल्यासारखं करू नको. तुझी बहीण सांगते सांगते म्हणून दिवाळी उलटली तरी तिनं तुला सांगितलं न्हाई, म्हणून मीच बसले. चिवडा चांगला होता, तिखट कमी होता.

तेल मी लावलं. त्याची मला लाज बी वाटती अन न्हाई बी वाटत. लोखंडाला तेल लावू नये असं लोखंड मी जन्मात बघितलं नव्हतं.

त्या दिवशी मी सगळ्या बाया उतारावर बोलावल्या. परतीचा पाऊस झाल्ता, फरशीवर पाणी भरपूर होतं. शिवकन्यानं हौद्यात मक्याची पोती भरली अन मी पुढं तिच्या शेजारी बसले. त्या गाडीत मी कधी बसले नव्हते. बसणार न्हाई म्हणून शपथ घेतल्ती, ती आता काय सांगू. पाण्यातून गाडी निघाली, चढली, उताराला लागली. तिनं पाय दाबला अन गाडी सरळच्या सरळ उभी राहिली. इकडं ना तिकडं.

मंग तिनं ती दांडी ओढली, गाडी बंद केली अन खाली उतरली. बेबीनंदा म्हणली, आत्या, उतरा, आधी चाकाखाली दगड लावू द्या. शिवकन्याच्या हातात दगड होताच, ती पण लावायलाच निघाली. मी म्हणलं, दगड लावायचा न्हाई. अन मी उतरत न्हाई.

खाली उतार, त्याच्या खाली शाळेची भिंत, अन मी एकटी आत. दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. पण गाडी ज्या चुकीनं पळाली ती माझी होती. मंग ती पळत न्हाई हे मीच बसून दाखवायचं, दुसरं कोण दाखवणार? बाया बघत उभ्या. शिवकन्या दगड धरून उभी. मी पानाचा डबा काढला, सावकाश पान लावलं, खाल्लं. गाडी बोटभर बी हलली न्हाई.

मंग ही पोरगी, जी हे लिहून राह्यली ती, हिनं आईच्या हातातून हात काढून घेतला. कुणाला विचारलं न्हाई. मागून चढली अन पोत्यावर जाऊन बसली. मंग हिच्या आईनं हिचं दप्तर वर दिलं.

सहामाही सगळ्या पोरींनी दिली. हिला गणितात कमी पडले, ते ती लिहायला नको म्हणती, मी म्हणलं लिही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सोमवारी उघडली. रोज सकाळी गाडी भरून जाती. मी बी कधीमधी जाते, शाळेपर्यंत, बसून परत येते. माझं तिथं काही काम नसतं.

डिस्कवर सकाळी जंग दिसतो. मी त्याला हात लावत न्हाई. लई अवघड जातं, पण लावत न्हाई.

तो दगड मी उचलून आणला अन न्हाणीत ठेवला. चांगला खरबरीत हाय, टाचा घासायला बरा. पुढच्या बारीला आलास की

ता. क. मामा, मी सत्यशीला. आजी अजून सांगणार होत्या, पण हॉर्न वाजला. मी निघते.